थकलेल्या माणसाचा बाजार : १८८९ ते आजचं चेकअप पॅकेज

पोस्ट मोठी आहे. विषयही चारचौघांत न बोलण्याचा आहे. तरी लिहितोय, कारण या वर्षी त्यात माझे पैसे गेले आणि घरातली एक खरी गोष्ट दोन वर्षं माझ्या नजरेआड राहिली.

माझं वय ४७. डोंबिवलीहून रोज मुंबईला नोकरी. गेल्या दिवाळीनंतर असं व्हायला लागलं की संध्याकाळी घरी आलो की कशातच मन लागेना. जेवायचं, मोबाईल बघायचा, झोपायचं. नवरा-बायको म्हणून जे असतं तेही जवळपास थांबलं. याबद्दल आम्ही दोघंही बोललो नाही. मोबाईलला मात्र कळलं असावं, कारण एका रात्री जाहिरात आली. थकवा? उत्साह कमी? इच्छा होत नाही? पुरुषांसाठी हार्मोन पॅकेज, घरी येऊन रक्त नेणार.

शनिवारी दुपारी चारला मुलगा आला, मी नुकताच जेवून उठलो होतो. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट. टेस्टोस्टेरॉन २३८, लाल अक्षरात. तासाभरात फोन. "सर, तुमची लेव्हल डाऊन आहे. आमच्या क्लिनिकमध्ये सहा महिन्यांचा इंजेक्शनचा कोर्स आहे." मला कुठलाही त्रास विचारला नाही, कुठली औषधं घेता हे विचारलं नाही. मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

थांबवलं ते एका आठवणीने. आमच्या लहानपणी लोकलच्या खिडकीतून रुळांलगतच्या भिंतींवर चुन्याने रंगवलेल्या जाहिराती दिसायच्या. गुप्तरोग, कमजोरी, खात्रीशीर इलाज, अमुक लॉज, दर मंगळवारी. फोनवरचा तो आवाज इंग्रजी बोलत होता, पण भिंत तीच होती. मला इतिहास वाचायची खोड आहे, म्हणून मी शोधायला बसलो की हा धंदा सुरू कधी झाला. जे सापडलं ते सांगतो.

सुरुवात कुठल्या भोंदूने केली नाही, एका मोठ्या शास्त्रज्ञाने केली. १ जून १८८९. पॅरिसची जीवशास्त्र संस्था. ७२ वर्षांचे शार्ल एदुआर ब्राऊन-सेकार भाषणाला उभे राहिले. मज्जारज्जूवरचं त्यांचं काम आजही वैद्यकाच्या पुस्तकात त्यांच्याच नावाने शिकवतात. त्यांनी सांगितलं की कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क मी स्वतःला टोचून घेतला, आणि ताकद परत आली. जिने भराभर चढतो, तासन् तास काम करतो. बातमी जगभर गेली आणि काही महिन्यांत असले अर्क विकणारे उभे राहिले.

गंमत अशी की त्या अर्कात काहीच नव्हतं म्हटलं तरी चालेल. वृषण टेस्टोस्टेरॉन साठवून ठेवत नाहीत, बनेल तसं रक्तात सोडतात. आणि ते पाण्यात फारसं विरघळतही नाही. पुढे १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅमला अर्न्स्ट लाकर यांच्या गटाने ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं, तेव्हा सुमारे १०० किलो बैलांच्या वृषणांतून १० मिलिग्रॅम हाती लागलं. यावरून म्हाताऱ्या प्रोफेसरांच्या सुईत किती असेल याचा अंदाज करा. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. हाच या सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा आहे. थकवा आणि इच्छा या दोन गोष्टी अशा आहेत की आशेनेही चार आठवडे सुधारतात.

म्हणजे मूळ कल्पना चुकीची होती का? नाही. १८४९ मध्ये गॉटिंगेनला आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी कोंबड्यांचे वृषण काढले, तर तुरा सुकला, आरवणं बंद, भांडणं बंद. वृषण पोटात दुसऱ्या जागी बसवले, तर कोंबडा पुन्हा कोंबडा झाला. नसा तुटलेल्या होत्या, म्हणजे निरोप रक्तातून जात होता. १९०५ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी अशा निरोप्यांसाठी हार्मोन हा शब्द वापरला. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. निरोप खरा होता. तो कोणाच्या रक्तात कमी आहे हे मोजायचं साधन मात्र कोणाकडे नव्हतं.

साधन नाही आणि गिऱ्हाईक उभं आहे, मग काय होणार? १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ श्रीमंत पुरुषांना माकडाच्या वृषणाच्या चकत्या बसवत होते. व्हिएन्नाचे ऑयगेन श्टाइनाख शुक्रवाहिनी बांधली की तारुण्य परत येतं असं सांगत होते. ते शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत सिग्मंड फ्रॉइड (१९२३) आणि कवी येट्स (१९३४) होते. म्हणजे अशिक्षितच फसतात हा आपला गैरसमज काढून टाका.

आणि अमेरिकेत कॅन्ससच्या मिलफर्ड गावात जॉन ब्रिंकली. धड पदवी नाही. बोकडाच्या ग्रंथी पुरुषांना बसवायचा, ७५० डॉलर घ्यायचा. १९२३ मध्ये त्याने स्वतःचं रेडिओ स्टेशन काढलं. लोक पत्रं लिहायचे, तो रेडिओवर पत्र वाचून न तपासता औषधाचा नंबर सांगायचा, आणि ठरलेले दुकानदार ते औषध विकून त्याला वाटा द्यायचे. १९३० मध्ये परवाना गेला, तर हा गडी कॅन्ससच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि भरपूर मतंही घेतली! शेवटी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाचे संपादक मॉरिस फिशबाइन यांनी त्याला भोंदू म्हटलं, त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९३९ मध्ये तो हरला.

इथे मला आपल्या मुंबईतला एक माणूस आठवतो. तीच वर्षं, तीच वाचकांची पत्रं. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढत होते. लोक त्यांना लैंगिक आयुष्याबद्दल लाजत-लाजत प्रश्न विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तर द्यायचे. तेही डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. पण ते ग्रंथी विकत नव्हते, भीती काढत होते. १९३४ मध्ये अशा उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड भरावा लागला. भीती विकणारा ब्रिंकली त्याच काळात गब्बर होत होता आणि भीती काढणारे कर्वे १९५३ मध्ये जाईपर्यंत पदरमोड करून मासिक चालवत होते.

त्या भीतीला आपल्याकडे नावही आहे. धातू जाते म्हणून अशक्तपणा येतो, ही समजूत घेऊन येणाऱ्या रुग्णांचं वर्णन मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' म्हणून केलं. थकव्याचं कारण लैंगिक शक्तीत शोधायची सवय आपल्याला जाहिरातीने लावलेली नाही. ती आधीपासून होती, जाहिरातीने तिचं दुकान केलं.

आता येतो मोजण्याकडे.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधलं माजी सैनिकांचं सरकारी रुग्णालय. झाडूवाल्याच्या सामानाच्या खोलीत एका बाईंनी प्रयोगशाळा थाटली होती. रोझलिन यालो, शिक्षण भौतिकशास्त्राचं. जोडीला डॉक्टर सॉलोमन बर्सन. दोघांना दिसलं की इन्सुलिन टोचून घेणाऱ्या मधुमेहींच्या रक्तात इन्सुलिनला धरून ठेवणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. तेव्हाच्या समजुतीत हे बसत नव्हतं. दोन मोठ्या नियतकालिकांनी निबंध परत पाठवला, अखेर शीर्षकातला 'प्रतिद्रव्य' शब्द काढल्यावर १९५६ मध्ये छापला गेला. तो नकाराचा कागद यालोबाईंनी जपून ठेवला आणि १९७७ मध्ये नोबेलच्या भाषणात दाखवला. बर्सन तोवर गेले होते.

त्यातून जी युक्ती निघाली ती लोकलवाल्यांना लगेच कळेल. समजा डब्यात ठराविक सीट आहेत. या सीट म्हणजे प्रतिद्रव्यं. आपण मोजून काही प्रवासी सोडले, त्यांच्या शर्टावर खूण केलेली. हे किरणोत्सारी हार्मोन. आता रुग्णाच्या रक्तातले बिनखुणेचे प्रवासी आत सोडा. दोघांत सीटसाठी झटापट होणार. बिनखुणेचे जितके जास्त, तितके खुणेचे उभे राहणार. खुणेचे किती बसले, किती उभे, एवढं मोजलं की न दिसणाऱ्यांचा आकडा मिळाला. ग्रॅमचा अब्जावा भाग असा मोजता येऊ लागला. १९५९-६० मध्ये इन्सुलिन, मग १९६५ च्या सुमारास थायरॉइडला हुकूम देणारं टीएसएच, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन. आणि महत्त्वाचं म्हणजे यालो आणि बर्सन यांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही.

म्हणून ती परळपर्यंत पोचली. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये टाटा रुग्णालयाच्या आवारात सुरू झालं, थायरॉइडच्या कामासाठी ते नावाजलं. पुढे या चाचण्यांची किट अणुऊर्जा खात्यातच बनू लागली आणि देशभरच्या प्रयोगशाळांना मिळू लागली. आज गल्लीतल्या लॅबमध्ये टीएसएच होतं, त्याची पूर्वपीठिका ही आहे. तिथे आता बहुतेक किरणोत्सारी खूण नसते, रसायनाच्या प्रकाशाची असते, पण सीटची झटापट किंवा तिचाच एखादा भाऊबंद असतो.

मला वाटतं, या शोधाचं मोठेपण 'तुमचं हार्मोन कमी आहे' हे सांगण्याइतकंच 'तुमचं हार्मोन ठीक आहे, कारण दुसरीकडे शोधा' हे सांगण्यात आहे. ब्राऊन-सेकारला कोणी नाही म्हणू शकत नव्हतं, ब्रिंकलीच्या गिऱ्हाइकालाही नाही. मोजमाप आलं आणि नाही म्हणता येऊ लागलं.

मग बाजाराने काय केलं? त्याने मोजमापच जाहिरातीत घेतलं.

२००० मध्ये अमेरिकेत अंगाला चोळायची टेस्टोस्टेरॉनची जेल बाजारात आली. त्याच सुमाराची एक प्रश्नावली आजही पॅकेजवाले वापरतात. उत्साह कमी झालाय का, जेवल्यावर झोप येते का, उदास वाटतं का, असे दहा प्रश्न. ती बनवणारे डॉ. जॉन मॉर्ली यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं की एका औषध कंपनीच्या सांगण्यावरून मी ती वीस मिनिटांत बाथरूममध्ये टॉयलेट पेपरवर लिहिली. जेवल्यावर झोप येते का, हा प्रश्न तुम्ही कुठल्याही मराठी माणसाला रविवारी दुपारी विचारून बघा. २००१ ते २०११ या काळात अमेरिकेत चाळिशीपुढच्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घेणारे तिपटीहून जास्त झाले, आणि नव्याने सुरू करणाऱ्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्याची आधीच्या वर्षभरात चाचणीच झालेली नव्हती. २०१५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने बजावलं की हे औषध ठराविक आजारांमुळे झालेल्या कमतरतेसाठी आहे, नुसत्या वयासाठी नाही.

आणि खरी कमतरता किती जणांत असते? युरोपातल्या आठ शहरांत ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. लैंगिक तक्रारी आणि कमी आकडा दोन्ही एकत्र असलेले निघाले २.१ टक्के. २०१६ मध्ये छापलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत आकडा खरोखर कमी असलेल्या ६५ वर्षांपुढच्या पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉन दिलं. लैंगिक इच्छा थोडी वाढली, पण अंगातल्या उत्साहात ठळक फरक पडला नाही. म्हणजे ज्या थकव्यासाठी मला इंजेक्शन विकत होते, त्यावर त्याचा भरवसा नव्हता.

वरून बोनस. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, आणि तो वृषणांना काम थांबवायला सांगतो. शुक्राणू घटतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये हीच इंजेक्शनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासली होती. जिममधल्या ज्या पोरांना मूल हवंय त्यांना हे कोणी सांगतं का?

आता माझ्याकडे परत येतो. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. सत्तरीचे आहेत. रिपोर्ट बघून म्हणाले, "हे रक्त किती वाजता दिलंस?" चार वाजता म्हटल्यावर त्यांनी कागद बाजूला ठेवला. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, दुपारी उतरतं, जेवल्यावर आणखी उतरतं, तापात-आजारपणातही उतरतं. म्हणून सकाळी, उपाशीपोटी, आणि दोन वेगळ्या दिवशी कमी आलं तरच ते कमी धरायचं. मग झोप विचारली, घोरतो का, वजन, साखर, दारू, नोकरी. शेवटी, "रोजची गोळी कुठली?"

"काही नाही डॉक्टर. फक्त सकाळी ॲसिडिटीची."

ती कॅप्सूल बघितली. ॲसिडच्या औषधाबरोबर त्यात डॉम्पेरिडोन होतं. दोन वर्षं मी ती शेंगदाण्यासारखी खात होतो, कोणाला न विचारता. डॉम्पेरिडोनने प्रोलॅक्टिन वाढतं, आणि प्रोलॅक्टिन वाढलं की इच्छा कमी होते, टेस्टोस्टेरॉनही दबतं. सकाळच्या चाचणीत टेस्टोस्टेरॉन ३०२ आलं, काठावरचं. प्रोलॅक्टिन मात्र चांगलंच वाढलेलं. त्यांच्या सल्ल्याने गोळी बंद केली. दोन महिन्यांनी प्रोलॅक्टिन जागेवर, टेस्टोस्टेरॉन ४१०. खाली आलं नसतं तर पिट्यूटरी ग्रंथीचा एमआरआय करायचा होता, कारण तिथल्या गाठीनेही हेच होतं. सहा महिने इंजेक्शनं घेत बसलो असतो तर ती गाठ झाकली गेली असती की नाही?

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या दिवशी ही बरोबर आली होती. डॉक्टरांनी माझं संपवलं आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, जरा इकडे या." डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. पाळीत रक्त किती जातं, केस गळतात का, थंडी जास्त वाजते का, असं विचारलं. दोन वर्षांपासून सगळं होतं. हिमोग्लोबिन ८.२ आलं, टीएसएच १८. थायरॉइड मंद झालेलं, त्याने रक्तस्राव वाढलेला, त्याने रक्त कमी. आमच्या घरात हार्मोनचा आजार होताच. ज्याच्या नावाने जाहिरात आली होती त्याला तो नव्हता.

घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "अहो, तुमच्या थकव्याला जाहिरात तरी आहे. आमच्या थकव्याला सगळे म्हणतात, बायका दमतातच."

मला त्यावर उत्तर सुचलं नाही. आमच्यातलं जे थांबलं होतं ते मी सगळं माझ्या पुरुषपणाच्या खात्यावर टाकलं होतं. ती दमून पडत होती हे मला दिसलंच नव्हतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षय असलेल्या निघाल्या. आठ शहरांच्या २०१३ च्या अभ्यासात दर नऊ-दहा प्रौढांमागे एकाला थायरॉइड मंदावल्याचा आजार निघाला. हिमोग्लोबिन आणि टीएसएच, दोन साध्या, स्वस्त चाचण्या. आता ती लोह आणि थायरॉइडची गोळी घेते. तीन महिन्यांत फरक आहे. बाकीचं आमचं आम्ही बघू.

सार्वजनिक मुद्दा. १९५४ चा कायदा लैंगिक शक्ती वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला बंदी करतो. पण तो औषधाबद्दल बोलतो. रक्ताचं पॅकेज हे औषध नाही, म्हणून माझ्या समजुतीप्रमाणे ते मागच्या दाराने आत येतं आणि मागोमाग इंजेक्शन येतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर पदव्युत्तर पॅथॉलॉजिस्टची सही हवी. एनएबीएलची मान्यता मात्र अजून ऐच्छिक आहे. माझी मागणी साधी आहे. हार्मोनच्या रिपोर्टवर रक्त किती वाजता घेतलं, उपाशीपोटी की जेवून, हे ठळक छापा. आणि रिपोर्ट देणाऱ्यानेच त्यावरचा कोर्स विकायला मनाई करा.

तोवर आपण आपलं बघायचं. मरगळ असेल तर आधी डॉक्टर, मग लॅब. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या, ॲसिडिटीची आणि केसांसाठीची बायोटिनचीसुद्धा, कारण बायोटिनने यातल्या बऱ्याच चाचण्यांचे आकडे चुकतात. औषध स्वतःहून बंद करू नका. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉनचा आकडा बघून इच्छा कमी असल्याचं निदान करत नाहीत, ते पॅकेज कोणी विकत असेल तर घेऊ नका.

आणि घरात स्वतःच्या थकव्याबद्दल बोलाल तेव्हा समोरच्यालाही विचारा, तू कशी आहेस. मला ते सुचायला दोन वर्षं आणि एक लाल आकडा लागला.